लाकडी आधी, फायबर मागाहून : मालीमच्या एका ट्रॉलरचा २०२० चा हंगाम

जुलै २०२० अर्धा सरला तेव्हा गोव्यातल्या मालीम जेटीवरच्या एका ट्रॉलरमालकाच्या घरात रोज तोच विषय चालला होता. यंदा बोट पाण्यात लोटायची, की शाकारलेली आहे तशीच ठेवायची? पावसाळी बंदी ३१ जुलैला संपणार होती. हातात रोकड सव्वा लाखाच्या आत, खलाशी झारखंडात, हॉटेलं बंद आणि डिझेल चढलेलं. घरात बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, "एक वर्ष राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

या मालकांचे हिशेब मी बघतो. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने मांडतोय. नावं दिलेली नाहीत आणि रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. "राहू दे" म्हटलं की पैसे वाचतात असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि माझा आक्षेप त्यालाच होता. बोट थांबली की कोणते खर्च थांबतात आणि कोणते चालूच राहतात, याची यादी तोवर कुणी केलीच नव्हती.

आधीचा हंगाम

२०२० ची अडचण २०२० मध्ये सुरू झाली नाही. मच्छीमाराचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. त्यातही पहिले तीन महिने भरीचे असतात. दोन महिने जाळी बंद राहिल्याने मासळीला वाढायला उसंत मिळालेली असते, सुंगटं (कोळंबी) किनाऱ्याजवळ असतात, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या कमाईवर पुढचे कोरडे महिने काढायचे असतात. २०१९ मध्ये ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा 'क्यार' वादळाने खाल्ला. दोनापावलाजवळ राजभवनाच्या खालच्या खडकांवर नाफ्था भरलेलं 'नू शी नलिनी' येऊन अडकलं, ते याच वादळी दिवसांत, २४ ऑक्टोबरला. 'क्यार' ओसरतं न ओसरतं तोच अरबी समुद्रात 'महा' उभं राहिलं. बोटी नांगरून पडल्या, खलाशांचा पगार मात्र सुरूच होता.

मग मार्च उजाडला. कोविडच्या टाळेबंदीत जेटीही बंद, बाजारही बंद. केंद्राने १० एप्रिलला मासेमारीला सूट दिली खरी, पण सूट कागदावर मिळते आणि मासळी विकत घ्यायला माणूस लागतो. हॉटेलं बंद, बर्फाचे कारखाने अर्धे बंद, परराज्यात जाणाऱ्या गाड्या नाहीत. खलाशी बोटींवरच अडकून राहिले होते. मालक त्यांना शिधा पुरवत राहिले. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तशी माणसं गावाकडे गेली. जाताना कुणी भांडलं नाही, पण परत येऊ असंही कुणी म्हटलं नाही.

म्हणजे जुलैमध्ये हातात असलेले ते सव्वा लाख हे एका पूर्ण हंगामातून उरलेलं सगळं काही होतं.

बाहेरची परिस्थिती

डिझेलचं उदाहरण पुरेसं आहे. ७ जून २०२० पासून तेल कंपन्यांनी सलग तीन आठवडे रोज दर वाढवले आणि डिझेल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी चढलं. ट्रॉलरच्या एका फेरीत सातशे-साडेसातशे लिटर जळतं, त्यावरून काय ते समजा. व्हॅटचा परतावा राज्याकडून मिळतो. पण तो परतावा आहे, पंपावर आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात.

मागणीची बाजू त्याहून वाईट होती. गोव्याचं मासळीचं गणित घरातल्या हुमणावर (मासळीच्या आमटीवर) चालतं असं आपण अभिमानाने म्हणतो, पण मोठी सुंगटं, विसवण (सुरमई), माणकी (स्क्विड) यांचा दर हॉटेलवाला ठरवतो. २ जुलैपासून पर्यटन मर्यादित प्रमाणात खुलं झालं होतं, तरी किनारी पट्ट्यातली बहुतेक स्वयंपाकघरं बंदच होती. वास्कोचं मांगोर हिल जूनमध्ये प्रतिबंधित क्षेत्र झाल्यापासून तिकडच्या बाजारावरही सावट होतं. त्यात १९ ऑगस्टपर्यंत श्रावण आणि २२ ला चवथ (गणेश चतुर्थी). हिंदू घरांतून या काळात मासळी उठत नाही. एरवी ही उणीव हॉटेलं भरून काढतात.

कर्जाचं म्हणाल तर बोटीवर बँकेचे ६ लाख बाकी होते, व्याज ११ टक्के. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना १ मार्चपासून ३१ ऑगस्टपर्यंत स्थगिती दिली होती आणि ती मालकांनी घेतली होती. घरात तिचा अर्थ 'सहा महिने माफ' असा लावला गेला होता. माफ काही नव्हतं. महिन्याला साडेपाच हजार व्याज मुद्दलात चढत होतं, सहा महिन्यांचे ३३ हजार. १ सप्टेंबरपासून १८ हजारांचा हप्ता पुन्हा सुरू होणार होता, बोट पाण्यात असो वा माडाखाली.

लाकूड सुकतं तेव्हा

बोट पन्नास फुटांच्या आसपासची, लाकडी, सहा सिलिंडरचं लेलँड इंजिन. तिचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख खलाशी, वेंगुर्ल्याचे, वय साठीच्या पुढे. मालक त्यांना आबा म्हणतात. सिंधुदुर्गातून सगळे सोपस्कार पार पाडून ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आले आणि घरात न टेकता थेट यार्डात गेले. मी तिथेच होतो.

त्यांनी प्लास्टिक उचललं, खिशातला चाकू काढला आणि तळाच्या पट्टीपासून वर एकेका फळीच्या सांध्यात टोचत निघाले. बहुतेक ठिकाणी टोक अडलं. डाव्या बाजूला, पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वर तीन हात जागेत ते सहज आत गेलं आणि काळपट कापसाचा धागा बाहेर आला. त्यांनी तो बोटांत चोळला, वास घेतला. कापूस कुजला होता. मग ते मालकांकडे वळले.

"मालकानू, आता पाऊस आसा म्हणान लाकूड भिजलेला आसा. आश्विनाचा ऊन खाल्ल्यान काय फळये सुकतले, सांधे उघडे पडतले. फुडल्या वर्सा पाण्यात घातल्यात तर चाळण."

"आबा, ते कळतं हो. पैसे कुठून आणू ते सांगा."

"तां तुमी बघा. माका लाकडाचा कळता."

लाकडी बोटीचा धर्मच असा आहे. पाण्यात असते तोवर फळ्या फुगलेल्या राहतात आणि एकमेकींना घट्ट दाबून धरतात. सांध्यातला कापूस आणि वरचं राळ-तेलाचं लुकण त्या दाबाच्या आधारानेच पाणी अडवतं. दोन महिने पावसात काठावर राहिली तर फारसं बिघडत नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत उन्हात राहिली तर लाकूड आकसतं, कापूस सैल होतो, खिळ्यांभोवती भेगा पडतात. यार्डातल्या सुताराला मी नुसतं विचारलं, की ही बोट वर्षभर वर ठेवली तर पुढच्या जुलैत नेहमीपेक्षा जादा खर्च किती येईल? त्याने पावणेदोन लाख सांगितले आणि वर म्हणाला, फळ्या बदलाव्या लागल्या तर माझं नाव घेऊ नका.

इंजिनही तसंच. उभं इंजिन आतून गंजतं, सील कडक होतात, इंजेक्टर अडकतात. यार्डाचं भाडं, राखणदार, विमा, हे चालूच. कर्जाचा हप्ता चालू. आणि सगळ्यात महागाची गोष्ट हिशेबाच्या वहीत कुठेच नसते: एक हंगाम घरी बसवलेला तांडेल पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या बोटीवर असतो. मासळी कुठे आहे हे ज्याला पाण्याच्या रंगावरून कळतं असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही.

तेव्हा 'राहू दे'ची किंमत दोन लाखांच्या वर जात होती. ती भरायची पुढच्या जुलैत, एवढाच काय तो फरक.

दोन बोटी, एक फौज

तोडगा मालकांच्या साडूंमुळे निघाला. त्यांची बोट शापोऱ्याला, फायबरची, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. त्यांच्याकडे बोट नवी, पण तांडेल नाही. टाळेबंदीत गावी न गेलेले चार खलाशी मात्र हाताशी होते. इकडे मालकांकडे तांडेल आणि झारखंडातून यायला कबूल झालेले तीन जण. बोट चालवायला तांडेल सोडून सात माणसं लागतात. दोघांची फौज एकत्र केली तर एक बोट सुटत होती.

कुठली, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. साडूंचं म्हणणं साहजिक होतं: नवी बोट सोडा, इंजिन चांगलं आहे, डिझेल कमी खाते. मी उलट बाजूने बोललो. फायबर उन्हात सुकत नाही. आठवड्यातून एकदा इंजिन फिरवलं, बॅटरी सांभाळली, वर आच्छादन घातलं तर ती बोट दोन महिने काय, वर्षभरही फार न बिघडता राहील. थांबण्याची किंमत जिला जास्त तिला आधी पाण्यात घाला. चांगली बोट मागे ठेवून जुनी पुढे काढायची हे ऐकायला विचित्र वाटतं आणि साडूंनाही ते पटायला वेळ लागला. शेवटी असं ठरलं की फेरीचा खर्च, पगार आणि कमिशन वजा जाता जे उरेल त्यात साठ टक्के मालकांचे, चाळीस साडूंचे. गोव्याच्या सीमा खुल्या होऊन माणसं आली की फायबरची बोट काढायची.

हे तोंडी ठरत होतं. मी ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. साडू-साडूंच्या व्यवहारात सह्या कसल्या म्हणून दोघींनी, म्हणजे त्यांच्या बायकांनी, मला बोलून घेतलं. असो.

पैसे

नेहमीच्या पद्धतीने बोट तयार करायची तर यादी अशी होती: लाकूडकाम आणि रंग ८० हजार, इंजिन-गिअरबॉक्स ७०, जाळी ६०, विंचची वायर रोप (जाळं ओढायची तार) ९०, खलाशांची उचल ७०, त्यांचा प्रवास आणि तपासण्या ४०, विमा-परवाने ३०. बेरीज ४ लाख ४० हजार. वर पहिल्या फेरीचं डिझेल, बर्फ आणि शिधा ७२ हजार.

कात्री लावताना एकच कसोटी धरली: बिघडलं तर माणूस बुडेल, की फक्त पैसे बुडतील? पंख्याच्या वरचा कुजका कापूस पूर्ण काढून नवा ठोकला, शाफ्टचं पॅकिंग बदललं, पंप तपासले, लाइफ जॅकेटं मोजून बघितली. यात एक पैसा कमी केला नाही. इंजिनचे इंजेक्टर आणि सील केले, बाकी काम पुढे ढकललं. ते ज्याने केलं तो फिटर पूर्वी खनिजाच्या बार्जवर होता. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्यापासून तो मिळेल ते इंजिन उघडतो. नवी जाळी घेण्याऐवजी जुनी सांधली. वायर रोप नवी न घेता उलटी करून गुंडाळली, म्हणजे जे टोक दोन वर्षं तळाशी घासत होतं ते ड्रमच्या आत गेलं आणि कमी वापरलेलं टोक बाहेर आलं. हे आबांनी सुचवलं, नव्वद हजारांचं काम तीन हजारांत झालं. तळाचा शिंपले न धरणारा रंग वगळला, साधा रंग मारला. तीस हजार वाचले.

एकूण १ लाख ८३ हजार, अधिक पहिली फेरी ७२ हजार. २ लाख ५५ हजार हवे, हातात १ लाख २०.

मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळतं, वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांपर्यंत खाली येतं. अर्ज जूनमध्येच केला होता. बँकेने एकेक कागद मागत जुलै संपवला. उरले दोन मार्ग.

पहिला मार्ग जेटीवरच्या मासळी घेणाऱ्या दलालाचा. तो दीड लाख उचल द्यायला तयार होता, लगेच, बिनव्याजी. अट एकच, सगळी मासळी त्याला आणि दर लिलावापेक्षा किलोला १५ रुपये कमी. 'बिनव्याजी' या शब्दाने घरातले सगळे विरघळले होते. मी मागच्या वर्षीच्या वह्या काढल्या. सुंगटं आणि माणकी मिळून महिन्याला सरासरी आठशे किलो धरली तर १५ रुपयांप्रमाणे १२ हजार रुपये. दीड लाखावर महिन्याला १२ हजार म्हणजे ८ टक्के, आणि तेही महिन्याला. मुद्दल तसंच उभं.

दुसरा मार्ग वहिनींच्या, म्हणजे मालकांच्या पत्नीच्या, पाटल्यांचा. २०२० मध्ये एकच वस्तू चढत होती, ती सोनं. जुलैअखेर दर १० ग्रॅमला ५० हजारांच्या वर होता. चार तोळ्यांवर, किमतीच्या ७५ टक्के मर्यादेत, दीड लाख मिळाले. व्याज वर्षाला १० टक्के, महिन्याला १,२५० रुपये. (६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने ती मर्यादा ९० टक्के केली. आठवडाभर थांबलो असतो तर तीन तोळ्यांतच काम भागलं असतं, हे वहिनींनी मला पुढे बरेच दिवस ऐकवलं.)

दलालाला मी खलनायक ठरवणार नाही. ज्या दिवशी जेटीवर गिऱ्हाईक नसतं त्या दिवशी तोच माल उचलतो, आणि २०२० मध्ये असे दिवस बरेच येणार होते. म्हणून उचल नाकारली पण संबंध तोडला नाही. माणकी आणि माकूल, जी शेवटी निर्यातीच्या कारखान्यांकडे जातात, ती त्यालाच, मात्र चालू दराने. सुंगटं आणि बाकी मासळी खुल्या लिलावात. त्याने कुरकुर करत मान्य केलं. त्यालाही माल हवाच होता.

दोन रेषा

बोट सुटण्याआधी मी मालकांना दोन आकडे लिहून दिले. या प्रकरणातला सगळ्यात उपयोगाचा भाग मला हाच वाटतो.

एका फेरीचं डिझेल ५५ हजार, बर्फ ९, शिधा-पाणी ८, जेटीवरचा खर्च ३. एकूण ७५ हजार. तांडेलाचं कमिशन विक्रीवर ८ टक्के. खलाशांचा पगार महिन्याला सात जणांचे ८४ हजार. पगार बोट गेली तरी द्यायचा, नाही गेली तरी द्यायचा. महिन्यात चार फेऱ्या झाल्या तर फेरीमागे २१ हजार पगार पडतो आणि सगळं भागायला १ लाख ४ हजारांची मासळी लागते. सहा फेऱ्या झाल्या तर पावणेसत्त्याण्णव हजारांत भागतं. दोनच झाल्या तर सव्वा लाखाच्या वर जावं लागतं. हवामानाने बोट धरून ठेवली की मासळी न पकडताही फेरी महाग होते, ती अशी.

ही झाली वरची रेषा, हंगाम चालतोय की नाही हे सांगणारी. खालची रेषा वेगळी. पगार तर द्यायचाच आहे, मग आज जाळं टाकायला जावं की नाही हे ठरवताना तो धरायचा नाही. फक्त ७५ हजार आणि कमिशन, म्हणजे साडेएक्याऐंशी हजार. त्याहून जास्त मिळेल असं वाटत असेल तर जावं, तोटा दिसत असला तरी जावं, कारण न जाण्याने तोटा वाढतो. त्याहून कमी मिळणार असेल तर डिझेल समुद्रात ओतू नये.

पगाराऐवजी वाटणीवर माणसं ठेवायचा विचार मालकांनी बोलून दाखवला. विक्री कमी तर वाटणी कमी, जोखीम वाटली जाते. झारखंडच्या तिघांनी फोनवरच नाही म्हटलं. मला त्यांचंच बरोबर वाटलं. मार्चपासून मजुरी बुडालेली, येताना सीमेवर चाचणीचे दोन हजार किंवा चौदा दिवस विलगीकरण. त्या माणसाने समुद्राचीही जोखीम घ्यावी असं म्हणणं जरा जास्तच झालं. चाचणीचे पैसे मालकांनी भरले.

ऑगस्ट

१ ऑगस्टला बंदी उठली. आबांनी बोट सोडली नाही.

मांडवीच्या तोंडावर आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथे लाटा अशा फुटतात की खनिजाच्या बार्जही पूर्वी हे तोंड टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत जायच्या. ३ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. बोट धुऊन, हार घालून नदीत उतरवली. फळ्यांतून थोडं पाणी आलं, ते येतंच; रात्रभरात लाकूड फुगलं आणि सकाळी पंप कोरडा चालला. मालक अधीर झाले होते, बाजूच्या दोन बोटी सुटल्या होत्या.

"आबा, आज पौर्णिमा. मुहूर्त चुकवायचा?"

"दर्याक नारळ देवया, मालकानू. बोट मात्र मी तोंडाभायर काढूचंय नाय. वारो बघतास मा?"

५ ऑगस्टला मुंबईत कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला. आपल्याकडेही हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे चालूच होते. सुटलेल्या दोन्ही बोटी रिकाम्या परतल्या. पगाराचा मीटर चालू होता हे खरं, पण खालच्या रेषेचा हिशेब आबांनी कागदाशिवाय केला होता.

पहिली फेरी महिन्याच्या मध्यावर झाली. सुंगटं किनाऱ्याकडे जास्त होती, पण पाच किलोमीटरच्या आतला पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव आहे. १९८० च्या कायद्यामागे रापणकारांचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचा) मोठा लढा आहे आणि रात्री दिवे मालवून आत शिरणारे ट्रॉलर हा आजही भांडणाचा विषय आहे. मालकांनी आत जायचं नाही असं आधीच बजावलं होतं. फेरी ७८ हजारांना गेली, म्हणजे खालच्या रेषेच्याही खाली. मासळी बरी होती; मोठी सुंगटं घ्यायलाच कुणी नव्हतं आणि लिलाव एका बोलीत आटपला. दुसरी फेरी चवथीनंतर झाली, १ लाख ३६ हजारांची. श्रावण संपला होता, बेळगाव-कोल्हापूरकडच्या गाड्या पुन्हा दिसू लागल्या होत्या.

ऑगस्टचा हिशेब: विक्री २ लाख १४ हजार, खर्च २ लाख ५१ हजार. तोटा ३७ हजार. त्या रात्री साडूंचा मला फोन आला. ते रागावले नव्हते, फक्त विचारत होते की कागदावर तोट्याची वाटणी लिहिली आहे का. लिहिली होती, साठ-चाळीसच.

नंतर

१ सप्टेंबरला गोव्याच्या सीमा खुल्या झाल्या आणि माणसं यायला लागली. त्या महिन्यात पाच फेऱ्या झाल्या, विक्री ६ लाख ६० हजार. फेऱ्यांचा खर्च, पगार आणि कमिशन वजा जाता सुमारे १ लाख ४८ हजार उरले. ऑगस्टचा तोटा भरून १ लाख ११ हजार; त्यातले मालकांच्या वाट्याला ६७. बोट तयार करायला घातलेले १ लाख ८३ हजार यात निघाले नाहीत, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. सप्टेंबरचा हप्ता मात्र बोटीने स्वतः भरला. फायबरची बोट महिनाअखेर शापोऱ्याहून सुटली, तिच्यासाठी दुसरा तांडेल रत्नागिरीहून आला आणि भागीदारी तिथे संपली.

वायर रोप हंगामभर टिकली. सांधलेली जाळी डिसेंबरपर्यंत चालली. चुकलं ते रंगाचं. साधा रंग मारलेल्या तळाला नोव्हेंबरपासून शिंपले धरायला लागले आणि डिसेंबरात त्याच फेरीला शंभर लिटर डिझेल जास्त जळू लागलं. फेरीमागे साडेसात हजार, पाच फेऱ्यांचे साडेसदतीस. ऑगस्टमध्ये वाचवलेले तीस हजार एका महिन्यात फिटून वर साडेसात गेले. माझी कसोटी 'माणूस बुडेल की पैसे' अशी होती. पैसे किती महिन्यांत बुडतील हे तिच्यात नव्हतं. रंग, पंखा, इंजेक्टर यांसारख्या डिझेलशी जोडलेल्या खर्चाला आता आमच्या यादीत वेगळा रकाना आहे.

जानेवारीत अमावास्येच्या मोठ्या भरतीला बोट वर घेऊन तळ खरवडला आणि तो वगळलेला रंग मारला. पाटल्या अजून बँकेत होत्या. मार्चमध्ये त्यातल्या दोन सुटल्या.